घड्याळातला बुटका माणूस

ट्रॉली ढकलत मी फोल्डिंग खात्याच्या या टोकापासून त्या टोकाला निघालो होतो, तेवढ्यात मनगटावरचं घड्याळ थरथरलं. काचेवर खुर्चीतून उठणारा एक बुटका माणूस दिसू लागला आणि त्याच्याखाली इंग्रजीत सूचना आली: बराच वेळ बसून आहात, उठा, थोडं चाला. सकाळी सातपासून मी कुठे टेकलोसुद्धा नव्हतो. त्या बुटक्याला मी दोन शब्द सुनावले. ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

पांडेसरा या गिरण्यांच्या वस्तीतल्या एका डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये मी एकोणतीस वर्षं आहे. रंगून, छापून, वाळून झालेलं कापड आमच्या खात्यात येतं. ते तपासायचं, घड्या घालायच्या, ताके, म्हणजे कापडाचे तागे, बांधायचे आणि ट्रॉलीत रचून पुढे पोचवायचे. उचलाउचलीचं काम दुसरे करतात, माझ्याकडे तपासणी आणि ट्रॉली. चाकांना तेलपाणी वेळच्या वेळी होतं, त्यामुळे ढकलायला जोर लागत नाही. चालावं मात्र दिवसभर लागतं.

गेल्या हिवाळ्यात माझ्या हृदयात एक स्टेंट बसवला. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी विचारलं, घरी काळजी घ्यायला कोण आहे? मी म्हणालो, बायको आहे ना, ती घरीच असते, तिला काय काम. बायको शेजारीच पिशवी भरत होती. डॉक्टर म्हणाले, हलकी हालचाल चालू ठेवा, बसून राहू नका आणि दमूही नका.

हे वाक्य माझ्या मुलीने कायद्यासारखं धरून ठेवलं. ती बडोद्याला एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. म्हणजे दिवसभर बसते, आणि बसल्या बसल्या माझ्या चालण्याची काळजी करते. तिचं म्हणणं होतं, पप्पा, आता नोकरी सोडा. मी म्हणालो, नाही. मग तिने ते घड्याळ आणलं, त्यात सिम घालून आपल्या फोनला जोडलं, माझ्या हातात बांधलं आणि करार केला. एक महिना ती माझी पावलं बघणार. दिवसाला पाच हजारांच्या खाली गेली, तर मी मिलमध्ये खुर्चीत बसून असतो असं समजायचं; आणि बसायचंच असेल तर ते घरीही होतं. दहा हजारांच्या वर गेली, तर काम झेपण्यापलीकडचं आहे. मग तर घरीच. म्हणजे दोन्ही बाजूंनी घरीच, मधल्या फटीत माझी नोकरी.

ती नोकरी मला हवी होती, आणि पगार हे त्यातलं लहान कारण. हाताखालून कापड सरकलं की छपाईत कुठे डाग आहे, कुठे रंग कमी घेतलाय, ते मला न बघता कळतं. आमचा शेठसुद्धा ताका उलगडला की माझ्या तोंडाकडे बघतो. घरी बसलो तर माझ्या तोंडाकडे कोण बघणार?

पहिल्या दिवशी संध्याकाळी घड्याळाने हिशोब दिला, आठशे बारा पावलं. मुलीचा फोन आलाच.

"पप्पा, आठशे तर घरातल्या घरात होतात."

"अगं, मी दिवसभर चाललोय. पाय बोलायला लागलेत."

"मशीन कशाला खोटं बोलेल?"

मी एकोणतीस वर्षं मशीनमध्ये काढली आहेत. मशीन किती खोटं बोलतं ते मला विचारा. पण फोनवर बाप खोटा ठरला तो ठरलाच.

दोन दिवसांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे यंत्र पायांकडे बघतच नाही. ते बघतं हात हलतो का. माझा हात दिवसभर ट्रॉलीच्या दांड्यावर, दांडा हलत नाही, म्हणून मी बसलेला. मग मी एका हाताने ट्रॉली आणि दुसरा हात शाळेतल्या कवायतीसारखा पुढे-मागे, असा निघालो. ट्रॉली एका बाजूला ओढत गेली आणि थेट पाण्याच्या पिंपावर आदळली. आमचा गुजराती सुपरवायझर धावत आला. "काका, हाथने शुं थयुं?" त्याला वाटलं मला लकवा मारला. पुढचे दोन दिवस तो मला मोठ्याने आणि सावकाश बोलून बघायचा.

मग घड्याळ पँटच्या खिशात ठेवलं. पावलं थोडी वाढली, पण खिशात नाडी कुठली सापडायला? तिकडे मुलीच्या फोनवर बापाचे ठोके बंद. माझा फोन कपाटात. परत आलो तेव्हा तिचे सात फोन येऊन गेलेले आणि आठवा वाजत होता. मी जिवंत आहे हे ऐकून ती आधी रडली, मग चिडली. खिसा बंद झाला.

मार्ग सापडला तो चुलीशी, म्हणजे गॅसशी. एका संध्याकाळी मी आंघोळीला जाताना घड्याळ ओट्यावर काढून ठेवलं होतं. ते भिजेल म्हणून बायकोने हातात घातलं आणि ती ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायला बसली. मी बाहेर आलो तर आकडा चारशेने वाढलेला. मी मुद्दाम उभा राहून पाहिलं. एका भाकरीला साठ-पासष्ट पावलं. परातीवर थाप पडली की घड्याळ खुश. बायकोकडे मी इतक्या कौतुकाने लग्नातही पाहिलं नसेल.

"उद्यापासून हे तू घाल," मी म्हणालो.

"पोरगीले खोटं सांगनं बरं नही," ती म्हणाली. आम्ही मूळचे धुळ्याकडचे, घरात अहिराणीच चालते. मग जरा विचार करून म्हणाली, "पन तुमी दिवसभर घरमा बठशात तं मी कथा जासू?"

मी घरात, तर तिने जायचं कुठे? तिने घड्याळ घट्ट करून घेतलं.

मी मोकळ्या मनगटाने मिलमध्ये जाऊ लागलो आणि पावलं घरी वाढू लागली. सकाळच्या भाकरी, भांडी, धुणं. त्यानंतर ती साड्यांच्या काठावर खडे चिकटवण्याचं काम घेते, त्यातही हात चालूच. सहा हजार, सात हजार, कधी साडेसात. मुलगी खुश होती.

"पप्पा, पहाटे पाचला चालायला लागता?"

"हवा चांगली असते," मी म्हणालो.

"आणि रात्री साडेनऊला?"

"शतपावली."

"दुपारी दोनलाही दिसतंय काही."

"जेवण जिरवायला," मी म्हणालो. इतकं सफाईदार खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. आठ-दहा दिवस उरले होते. कराराचा महिना माझ्या खिशात पडल्यात जमा होता.

मी एक गोष्ट विसरलो. उन्हाळा लागला होता आणि आमच्या गल्लीत उडदाचे पापड सुरू झाले होते. हे पापड कोणी एकटीने करत नाही. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, सगळ्याजणी पोळपाट-लाटणं घेऊन फिरतात. जी गेली नाही तिच्या घरी कोणी येत नाही. आणि लाटण्याआधी पीठ कुटावं लागतं, तेलाचा हात लावून लावून, ते लोण्यासारखं होईपर्यंत. कुटायच्या कामात माझ्या बायकोचा हात गल्लीत नावाजलेला. ते घड्याळ त्याच हातात.

पहिल्या दिवशी बारा हजार. दुसऱ्या दिवशी सोळा. तिसऱ्या दिवशी अठरा हजारांच्या वर, आणि ठोके असे की मुलीला वाटलं बाप ताके घेऊन जिने चढतोय. तिने मला फोन केला नाही. तिने सकाळची गाडी पकडली.

अकराच्या सुमारास माझ्या फोनवर बायकोचा आवाज आला, एकदम हळू. "पोरगी उनी. घड्याळ मनाच हातमा शे."

मुलगी घरी आली होती आणि घड्याळ हिच्याच हातात; पाळी संपेपर्यंत माझं लक्ष कापडात नव्हतं. एक डाग माझ्या हाताखालून निघून गेला, तोही सुपरवायझरने पकडला. घरी जाताना मी तीन वेगवेगळी कारणं तयार केली आणि दारात पोचेपर्यंत तिन्ही विसरलो.

गच्चीवर साड्यांवर पापड वाळत होते. बाकीच्या बायका हवा ओळखून आपापली लाटणी घेऊन गेल्या होत्या. बायको चटईवर बसली होती, मनगटावरच्या घड्याळाच्या पट्ट्यात पीठ भरलेलं. मुलगी शेजारी फोन घेऊन. मी ओरडा खायच्या तयारीने उभा राहिलो. तिने फक्त फोनचा पडदा माझ्याकडे वळवला.

"पहाटे पाच. हे मम्मी?"

"हो."

"दुपारी दोन. रात्री साडेनऊ, परवा तर सव्वादहा. हे सगळं मम्मी?"

"अगं, त्यातली निम्मी पावलं खोटी आहेत," मी घाईने म्हणालो. "ती बसलेलीच असते. भाकरी थापली तरी मोजतं ते."

बायकोने पट्ट्यातलं पीठ नखाने काढता काढता माझ्याकडे पाहिलं.

"पावलं खोटी व्हतीन," ती म्हणाली, "पन हात तं मनाच हालनात ना."

मला फार लाज वाटली. खोटं पकडलं गेल्याची लाज वेगळी, ती मी पचवली असती. दवाखान्यात डॉक्टरांपुढे मी जे बोललो होतो ते मला आठवलं, आणि ती पिशवी भरत होती तेही. आठशे पावलांवरून मुलीने मला बसलेला ठरवलं तर मी तीन रात्री तळमळलो होतो. हिला मी किती वर्षं बसलेली ठरवत आलो होतो. मी तसं म्हणायला तोंड उघडलं, पण बाहेर एवढंच आलं, "चहा करू का?"

"करा," मुलगी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने घड्याळ माझ्या पायात बांधलं, घोट्यावर, आणि वरून पायमोजा चढवला. संध्याकाळी पायमोजा उतरवला तर सहा हजार चारशे. मिलमध्ये मी दिवसभर चालतो हे शेवटी माझ्या पायांनी सांगितलं. नोकरी राहिली. पण मुलीने जाताना करारात भर घातली. मम्मीचीही तपासणी करायची, आणि माझ्या सुट्टीच्या दिवशी भाकरी मी करायच्या. त्या दिवशी घड्याळ मम्मीच्या हातात, म्हणजे कोण उठलं ते तिला बडोद्यात बसून कळेल.

पहिल्या रविवारी माझी भाकरी थापता थापता मधोमध फाटली. दुसरी गोल झाली, पण तव्यावर टाकताना तिची घडी पडली. घड्या घालण्यात माझा हात बसलेला आहे, त्याला काय करणार. बायको दारातल्या खुर्चीत बसून बघत होती. दोनदा उठायला गेली, मी दोनदा बसवलं. तिसऱ्यांदा ती उठायला गेली नाही. हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली, आणि तिच्या मनगटावर घड्याळ थरथरलं.

ती दचकली. इतके दिवस तिच्या हातात असताना ते असं एकदाही थरथरलं नव्हतं.

"काय लिखेल शे यामा?" तिने हात माझ्यापुढे धरला.

खुर्चीतून उठणारा बुटका माणूस होता, खाली तीच इंग्रजी सूचना. मी पिठाचे हात पुसले, नीट वाकून वाचल्यासारखं केलं.

"बठी ऱ्हाय, अशे लिखेल शे," मी म्हणालो.