शेवटच्या चौकीची घंटा

बहात्तरच्या दुष्काळात मी कालव्याच्या टेलिफोनवर दुरुस्तीवाला होतो. ऑफिसपासून पुणतांब्याकडच्या शेवटच्या चौकीपर्यंत एकच लाइन आणि तिच्यावर नऊ चौक्यांचे नऊ फोन. हँडल फिरवलं की घंटा सगळीकडे वाजायची. कुणाला बोलावलंय ते खुणेवरून कळायचं. तीन लांब म्हणजे शेवटची चौकी.

संध्याकाळी सहाला पाण्याच्या पाळीचे हुकूम सुटत, वरून खाली, चौकीमागून चौकी. पंधरा दिवसांत तीनदा शेवटच्या चौकीवरून उत्तरच आलं नाही. तिथला चौकीदार पन्नाशी उलटलेला. तो म्हणे, घंटा वाजलीच नाही. मी दोनदा भर दुपारी जाऊन तपासलं, घंटा खणखणीत. मग काय, मी शहाण्यासारखं लिहून दिलं: लाइनमध्ये दोष नाही. त्या कागदावर साहेबांनी त्याला नोटीस काढली, आठ दिवसांत खुलासा, नाहीतर नोकरी गेली. तो माझ्याशी भांडलासुद्धा नाही. ते मला फार लागलं.

म्हणून पुढच्या खेपेला मी सहालाच गेलो. मधल्या एका खांबावर चढून तारेला माझा फोन जोडला. साहेब चौथ्या चौकीशी बोलत होते आणि मागे कुणी खोकत होतं, कुठे कोंबडी ओरडत होती. म्हणजे सगळे कान लावून बसलेले! पाणी कुणाला सुटणार हे पारावर आधी सांगेल त्याचा गावात मान. पण उचललेला प्रत्येक फोन तारेतला थोडा जोर पितो. वरच्यांनी पाणी उपसलं की टेलला, म्हणजे कालव्याच्या शेपटाला, कोरडं, तसं शेवटच्या घंटेला काही उरतच नव्हतं. आणि दुपारी ऐकायला कोण बसतंय?

मी ओरडलो, "रिसीव्हर खाली ठेवा सगळ्यांनी!"

"ठेवला हाय की," तीन आवाज एकदमच आले.

मला हसू आलं आणि तळपायाची आग मस्तकातही गेली. "आता ज्याचा आवाज येईल त्याची तार तोडतो," म्हटल्यावर खटाखट रिसीव्हर खाली गेले. साहेबांना घंटा द्यायला सांगितलं, माझाही फोन काढला आणि सायकल हाणत शेवटची चौकी गाठली.

तो दारातच उभा होता. "वाजली. तीन लांब," म्हणाला आणि पायरीवर बसला. "मला वाटलं, कानच गेलं माजं. घरात कोन काय बोललं, तरी दोनदा इचारायचो मी."

त्याला बहिरं ठरवलं होतं ते माझ्या कागदानं. मला भयंकर लाज वाटली. तिथेच गुडघ्यावर वही धरून लिहिलं: दोष लाइनवर होता, चौकीदाराची चूक नाही, माझा आधीचा अहवाल चुकीचा. मग ते मुद्दाम हळू आवाजात वाचून दाखवलं.

"फिरून वाचा," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं?"

"आलं की. तरी वाचा."