पात्यांशेजारचा दांडा

विटोल्ड समोरच्या कायेतानला खरं तर फारसा ओळखत नव्हता. वीसेक वर्षं दोघांची दारं एकाच जिन्यावर समोरासमोर होती. पण कायेतानला भावंडं किती, युद्धात तो कुठे होता, हे विचारायचं राहूनच गेलं. ठाऊक होती ती एवढीच गोष्ट.

कायेतान जहाजांच्या कारखान्यात वेल्डर होता. त्याने जोडलेलं सगळं जहाजाच्या पोटात, अंधारात जाऊन बसायचं. एकोणीसशे पासष्टच्या उन्हाळ्यात नव्या पद्धतीचे कलाकार कारखान्यात आले आणि भंगारातून कशासारखेही न दिसणारे आकार उभारू लागले. वॉर्साच्या एका शिल्पकार बाईंबरोबर कायेतानने तीन पात्यांचा उंच आकार जोडला. तो वसाहतीच्या अंगणात बसवला, नेमका त्याच्या खिडकीखाली. उघड्यावर उभं राहिलेलं त्याचं ते पहिलंच काम.

पण जागेसाठी अंगणातला, गालिचे टाकून झटकायचा जुना लोखंडी दांडा उपटला होता. शनिवारी वसाहतीतल्या यादविगाबाईंनी सरळ मधल्या पात्यावर गालिचा टाकला आणि बडवायला घेतलं.

"बाई, ती कला आहे," कायेतान वरून म्हणाला.

"असू दे की. माझ्या घरची धूळ तिला चालत नाही का?"

हळूहळू सगळ्याच बायका येऊ लागल्या. पात्यांचा रंग खरवडला, मग दांडा परत हवा म्हणून वसाहतीच्या कचेरीत तक्रारी गेल्या. आकार कापून पुन्हा दांडाच बसवायचा, असं ठरलं. त्या संध्याकाळी कायेतानने विटोल्डचं दार वाजवलं.

"शेजारी, रविवारी पाइप धरायला याल का?"

विटोल्डने पाइप धरला. कायेतानने तो शेजारच्या पात्याच्या बाकाप्रमाणे वाकवला, जोडला, जमिनीत पक्का केला. यादविगाबाईंनी सगळ्यात जड गालिचा टाकून पाहिला.

"हलत नाही," त्या म्हणाल्या. त्यानंतर तक्रारी आल्या नाहीत, आणि कापणारेही आले नाहीत.

त्या कलाकारांच्या पुढच्या प्रदर्शनाच्या वेळी कॅमेरेवाले पाहुणे अंगणात आले. एका गृहस्थाने दांड्याचे चहूबाजूंनी फोटो काढले आणि हा कोणत्या कलाकाराचा, असं विचारलं.

"तिसऱ्या मजल्यावर राहतो," यादविगाबाई म्हणाल्या. "आता सरका जरा, मला गालिचा टाकायचाय."

खिडकीत कायेतानचे कान लाल झालेले विटोल्डने पाहिले.

म्हातारपणीही दर वसंतात कायेतान रंगाचा डबा घेऊन खाली उतरायचा. शेवटच्या वसंतात विटोल्ड गालिचा खांद्यावर टाकून आला, तर कायेतान ब्रश पुसत होता.

"शेजारी, रंग ओला आहे. उद्या आणा."

"कशाला दिलात? दांड्याला की पात्यांना?"

"दोन्हींना."

"बरं. उद्या आणतो."