ताईचा हिरवा ठिपका

माझी थोरली बहीण एकतीस वर्षं वनस्पतींच्या प्रयोगशाळेत काचपट्ट्या बनवत होती. मुळाचं कोवळं टोक कापायचं, रंगवायचं, दोन काचांमध्ये ठेवून अंगठ्याने दाबायचं. मग सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं सुटी सुटी दिसत. मी रंगमंचावर जितका मिरवलो, त्याहून जास्त ती त्या काचांवर मिरवायची.

मग तिथे संगणकवाली आली, डीएनएचे लाखो सुटे तुकडे जोडून अख्खी गुणसूत्रं संगणकावरच उभी करणारी. वयाने ताईच्या निम्मी.

"आल्या आल्या खिडकीजवळची जागा! दिवसभर हात कोरडे. आणि साहेब तिलाच विचारतात!"

"ताई, जळतेस तू तिच्यावर."

"जळतेच! तुझी भूमिका दुसऱ्याला दिली, तेव्हा आठवडाभर घसा बसल्याचं सोंग कोणी केलं होतं?"



ठिणगी पडली ती फुलाच्या रंगाच्या जनुकावरून. शेतातल्या वाटाण्यात ते सहाव्या गुणसूत्रावर असतं. वाटाण्याच्या एका रानटी भाऊबंदातही ते तिथेच आहे, असं संगणकवालीने सांगितलं. ताईने त्या जनुकाला चमकणारी खूण लावून पाहिली, तर हिरवा ठिपका पाचव्यावर! लाखो वर्षांत जनुकं अशी जागा बदलतात, हे तिनेच मला समजावलं होतं. मला ते चटकन पटलं. संवाद तोच, फक्त दुसऱ्या अंकात गेलेला.

साहेब म्हणाले, "तुमची नजर चुकली असेल. आता काचांचा विभागच बंद करू."

ताई तडक संगणकवालीच्या टेबलापाशी गेली. "इतके तुकडे जोडलेस कसे?"

"शेतातल्या वाटाण्याचा नकाशा समोर ठेवून."

"म्हणजे चुलत्याच्या घराचा नकाशा बघून पुतण्याच्या घरात सामान लावलंस! मग प्रत्येक वस्तू चुलत्याकडच्याच जागी सापडणार ना, बाई?"

संगणकवाली लाल झाली. तीन आठवडे खपून तिने नकाशाशिवाय सगळं पुन्हा जोडलं. जनुक पाचव्यावर आलं. काचांचा विभाग वाचला.

मी अभिनंदनाच्या तयारीत दार उघडलं, तर ताई धुमसत आत आली.

"भर सभेत उभी राहून म्हणाली, चूक माझी, ती ताईंनी पकडली. तर केवढ्या टाळ्या! चूक तिची, डोळे माझे, आणि कौतुक तिच्या मोठ्या मनाचं!"

"तू काय केलंस?"

"काय करणार? बोललीच इतकं छान, मेली. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या रे!"