जावयाच्या मानाचं कापड

आमच्या सासऱ्यांना, म्हणजे वर्ध्याजवळच्या सेलूच्या बाजारातल्या प्रभाकररावांना, जगात कापडं दोनच प्रकारची दिसत: मानाची आणि देण्याघेण्याची. माणसंही तशीच दोन प्रकारची. उभा जन्म कापडाच्या दुकानात गेला की दुसरं काय होणार? लग्नाचा बस्ता बांधायला, म्हणजे नात्यागोत्याची सगळी कापडखरेदी एकदम करायला गिऱ्हाईक आलं, की ते गादीवर मांडी घालून बसत आणि एकेक कापड उचलून मोठ्याने विचारत, "हे कोनाचं?" नवरदेवाच्या आत्याचं असलं तर मानाच्या ढिगात, शेजारच्या काकूचं असलं तर देण्याघेण्याच्या. नातं कळल्याशिवाय ते कापडाची घडी घालत नसत. माझ्या लग्नाचा बस्ताही त्यांनीच बांधला. त्यात एका शालूवरून त्यांनी माझ्या आईशी घातलेली हुज्जत मी अजून विसरलेले नाही. आमच्याकडे सून काय, जावई काय, सासऱ्याला मामाजी म्हणतात. मीही म्हणते, शालू मनात ठेवून.

१९९३ साली पेपरात चार ओळींची बातमी आली. कुठल्याशा गावच्या दोन मुलींनी देवळात एकमेकींना हार घातले होते. मामाजींनी ती गिऱ्हाइकांना वाचून दाखवली आणि म्हणाले, "हार घातले ते ठीक. पन बस्ता कोनाकडला बांधाचा? नवरदेवच नाई, तं जावयाचा मान कोनाले द्याचा?" दुकान हसलं. मग काय, लग्नसराई संपेपर्यंत तो विनोद आल्यागेल्याला ऐकवला गेला. माझी नणंद प्रेरणा तेव्हा कॉलेजात होती आणि दुपारी दुकानात बसायची. हळूहळू तिने दुकानात बसणं सोडलं. अभ्यास असेल, असं सगळ्यांनी धरलं.

पुढे तिला वर्ध्याला एका ऑफिसात नोकरी लागली. रक्षा नावाच्या शिक्षिकेबरोबर तिने खोली केली. रक्षा दिवाळीला घरी येई, मामाजींना "काकाजी" म्हणे, माझ्याबरोबर करंज्या लाटे. मुलगी हसरी, करंज्या मात्र भयंकर करी. सगळे तिला प्रेरणाची मैत्रीण म्हणत आणि गाडी सुरळीत चालली होती.

२००० साली हिंगणघाटचं एक स्थळ आलं आणि प्रेरणाने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगून टाकलं, "बाबा, पाहुने बोलावू नका. माह्यं लगन झाल्यासारखंच आहे. रक्षासोबत."

मामाजींना आधी ती थट्टा वाटली. मग त्यांचा चेहरा उतरला. "हे लगन नोहे, पोरी. लगनानं नातं लागते. तुह्या रक्षाचं मले काय नातं लागते, सांग."

"ते तुमी ठरवा. पन तिच्याबिगर मी या घरी येनार नाई."

आणि ती खरंच आली नाही. कोणी विचारलं की मामाजी सांगत, पोरीला ऑफिसात फार काम आहे. सण आले नि गेले, ऑफिसातलं काम काही संपेना. मला त्यांचा राग येई. सासूबाई, सुलोचनाबाई, लपून रडत आणि उघड भांडत.

तीन वर्षांनी, ऐन मे महिन्यात, मामाजी माल आणायला वर्ध्याला निघाले. सासूबाईंनी लोणच्याची बरणी त्यांच्या हातात दिली. "दारात ठेवून येजा. बोलू नका वाटलं तं," म्हणाल्या. संध्याकाळी मामाजी परत आले ते बरणी घेऊनच.

"काऊन, घरी नव्हत्या का?" सासूबाईंनी विचारलं.

"होत्या. भांडून राह्यल्या होत्या. कूलरात पानी कोनं भराचं, त्याच्यावरून." ते पाटावर बसले. "मी जिन्यात उभा राहून सारं आयकलं."

"मैत्रिणी भांडतातच, मामाजी," मी म्हटलं.

"मैतरीन भांडली तं उठून आपल्या घरी जाते. इथं एक जन भांडता भांडता दुसरीचं ताट वाढून राह्यली होती." मग त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. "तू वाढते तसं. आदळून."

सासूबाईंनी ताट आदळलंच. पण पुढच्या महिन्यात बरणी पोचली, आणि त्यानंतर मामाजी वर्ध्याला गेले की तिथे जेवूनच येऊ लागले. पटलं होतं असं मात्र म्हणता येणार नाही. "राह्यतात तं राहो, फक्त लगन म्हनू नये," असं ते म्हणत. काही दिवसांनी तेही म्हणेनासे झाले.

एकदा आंजीचे अण्णाजी वकील मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आले. कापडं पाहता पाहता मामाजींनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय जी, दोन बायांचं लगन कोर्टात होते का?"

अण्णाजी पोट धरून हसले. "नाई होत. आन झालं तरी बस्ता कोनाकडला बांधसान, प्रभाकरराव? तुमचीच गोष्ट आहे!"

त्यांना वाटलं, मामाजी हसतील. मामाजींनी उघडलेलं कापड गुंडाळून ठेवलं आणि चहा सांगायला विसरले. आमच्या दुकानात असं कधी होत नसे.

२००६ला धाकट्या दिराचं, धर्मेंद्रचं लग्न ठरलं. प्रेरणाची अट जुनीच होती. मामाजींनी फोनवर एवढंच सांगितलं, "दोघी या."

दोघी आल्या. घरचाच बस्ता, त्यामुळे माजघरात सतरंजीवर ढीग लागले. मामाजी सवयीने पुकारत होते, मी नाती सांगत होते. प्रेरणाचा शालू मानाच्या ढिगात गेला. मग सासूबाईंनी एक छापील साडी पुढे केली.

"हे कोनाचं?"

"रक्षाचं," सासूबाई म्हणाल्या. "पोरीची मैत्रीण म्हना."

त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण साडी देण्याघेण्याच्या ढिगात पडली आणि प्रेरणा उठली. तिने पर्स खांद्याला लावली. रक्षा खाली पाहत होती. आता गेली तर ही पोरगी पुन्हा येणार नव्हती.

"बस," मामाजी म्हणाले. ते उठून पुढे दुकानात गेले. परत आले तेव्हा हातात वरच्या फळीवरचं भारीतलं शर्ट-पँटचं कापड होतं, त्यावर टोपी आणि पुरुषांनी खांद्यावर टाकायचा दुपट्टा. ते त्यांनी मानाच्या ढिगावर ठेवलं. "हे रक्षाचं."

प्रेरणा त्या टोपीकडे पाहतच राहिली. "बाबा, ती काई गडीमानूस नोहे."

"मले दिसते ना." मामाजींनी कापडावरची टोपी सरळ केली. "पन आपल्या घरी जावयाले हेच देतात. दुसरं मानाचं कापड मले मालूम नाई, पोरी."

प्रेरणाच्या खांद्यावरची पर्स घसरून खाली आली. ती पुन्हा बसली. रक्षाने कापड उचलून मांडीवर घेतलं, पोत पाहिला आणि डोळे पुसून विचारलं, "मामाजी, याचे दोन कुर्ते निंगतीन का?"

तोपर्यंत ती त्यांना कायम काकाजीच म्हणत आली होती.

मामाजींनी कापड उलगडून हातानं मोजलं. मोजायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. "निंगतीन," ते म्हणाले. "टोपीचं मात्र मी काई करू शकत नाई." मग त्यांनी कापडाची नीट घडी घातली, मानाच्या ढिगावर ठेवली आणि पुढचं उचललं.

"हे कोनाचं?"