बिनशेपटीच्या पिल्लाचं गोत्र

बडनेरा स्टेशनबाहेर भाजीवालीच्या फुलकोबीच्या ढिगात मला मांजराचं मूठभर पिल्लू दिसलं. शेपटीच्या जागी नुसता केसांचा झुपका! भाजीवाली म्हणाली, "घेऊन जाय बाई, इथं कुत्रे फाडतीन त्याले." मी ते ओढणीत गुंडाळून घरी आणलं. मोबाइलवर शोधलं, तर बिनशेपटीच्या विलायती मांजरांचे फोटो हुबेहूब तसेच! मी तर हवेतच तरंगायला लागले. बाबा भिक्षुकी करतात. घरात मांजर म्हटल्यावर ते म्हणाले, "दोन दिवस अंगणात ठेव, मग दे कोणाला तरी."

दुसऱ्या दिवशी बाबांच्या हातात पिल्लाची पिशवी देऊन त्यांना स्कूटरवर बसवलं आणि अमरावतीत जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पिल्लाच्या पाठीवरून बोट फिरवलं. "जखम नाही. जन्मतःच असं आहे."

"म्हणजे विलायतीच!" मी ओरडले.

"देशीतही होतं असं कधीकधी. आईबाप पाहिल्याशिवाय जात कशी सांगू?"

मी भांडलेच. एकेक फोटो त्यांच्या नाकासमोर धरला. शेवटी वैतागून त्यांनी लसीचं कार्ड पुढे ओढलं. "मग जातीच्या रकान्यात काय लिहू?"

बाबा मध्येच म्हणाले, "ज्याला गोत्र माहीत नसतं, त्याचं पूजेत आम्ही काश्यप धरतो. लिहा काश्यप."

डॉक्टरांनी हसत हसत खरंच लिहिलं. परतताना मी मुद्दाम विचारलं, "उद्या देऊन टाकू का याला कोणाला तरी?"

"काहून?" बाबांनी पिशवी पोटाशी धरली. "आपलंही काश्यपच आहे ना!"