मिस्त्री न लागणाऱ्या गाडीचा मिस्त्री

त्याला सगळे जपानी म्हणायचे. जन्मात कधी विमानात बसला नाही, समुद्र पाहिला तो चित्रात, तरी जपानी. कारण एवढंच, की चाळीस वर्षं त्याने एकाच जपानी कंपनीच्या गाड्यांना हात लावला. दुसरी कुठली गाडी दारात आली की हात पुसत म्हणायचा, "शेजारी दाखवा. मला हिची भाषा येत नाही." गिऱ्हाईक चिडायचं, शेजारचा गॅरेजवाला खूश व्हायचा.

ती गाडी पहिल्यांदा आली तेव्हा लोक तिला हसायचे, हे आता कुणाला सांगून खरं वाटत नाही. पत्र्याचा डबा म्हणायचे. जरा जोरात दार लावलं तर दुसऱ्या बाजूचं उघडेल, अशी थट्टा चालायची. हा तेव्हा एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली होता. म्हाताऱ्याने पहिल्या जपानी गाडीचं बॉनेट उघडलं, पाच मिनिटं आत पाहिलं आणि बंद केलं. म्हणाला, "ह्यात करण्यासारखं काही नाही रे." ह्याला ते वाक्य असं काही भिडलं की त्याने त्याच गाडीचा मिस्त्री व्हायचं ठरवलं. सासऱ्याने कपाळावर हात मारला. "अक्कल गहाण टाकलीत का जावईबापू? जिला मिस्त्रीच लागत नाही तिचे मिस्त्री होऊन खाणार काय, दगड?"

सासरा हुशार होता, पण माणसाचा स्वभाव त्याला ठाऊक नव्हता. ज्याची गाडी दर आठवड्याला बंद पडते तो आवाजाला घाबरत नाही. ज्याची दहा वर्षांत एकदाही अडली नाही, त्याच्या गाडीत नुसतं कुठे कुरकुरलं तरी तो गाडी घेऊन धावत सुटतो. असले सगळे घाबरे ह्याच्याकडे यायचे. हा लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, आणि सांगायचा, "काही नाही. जा." खरं पाहिलं तर बिघाड काढणं हे त्याचं कामच नव्हतं. काही नाही म्हणणं हे त्याचं काम होतं, आणि ते त्याच्याइतकं ठामपणे कुणी म्हणत नसे.

गॅरेजसमोर टॅक्सी स्टँड होता. दुपारी धंदा थंड असला की ड्रायव्हर ह्याच्या बाकावर येऊन बसायचे आणि हा त्यांना कंपनीच्या गोष्टी सांगायचा. ती कंपनी आधी गाड्या करतच नव्हती, कापड विणायचे माग करायची. माग कसा? तर एक धागा तुटला की आपोआप थांबणारा, म्हणजे खराब कापड पुढे जायलाच नको. पुढे गाड्या करायला लागले तेव्हाही तीच खोड. कारखान्यात कामगाराच्या डोक्यावर दोर टांगलेला. काही चुकतंय असं वाटलं की त्याने दोर ओढायचा. मग साहेब धावत येणार. "आणि साहेब ओरडत नाही बरं का," हा बोट वर करून सांगायचा, "साहेब म्हणतो, बरं केलंस." ड्रायव्हरांनी ही गोष्ट शंभर वेळा ऐकली होती. तरी ऐकायचे, कारण चहा हा पाजायचा.

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याचे कान जायला लागले.

आधी चिमण्या गेल्या. मग कुकरच्या शिट्ट्या. चाळीस वर्षं हातोडे आणि सायलेन्सर ऐकलेले कान, जायचेच. बायकोच्या लक्षात पहिल्यांदा आलं, कारण भांडणात हा उत्तर द्यायचा थांबला. "कानाच्या डॉक्टरकडे चला," ती रोज म्हणायची. तो म्हणायचा, "आणि मग? कानात यंत्र घातलेला मिस्त्री! त्यापेक्षा पाटीच उतरवतो ना." त्याने युक्ती काढली. स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावायच्या ऐवजी दातात धरायला लागला. इंजिनची थरथर दातातून डोक्यात जायची आणि त्याला बरंच काही कळायचं. लोक थक्क झाले. "बघा, दातानं ऐकतो!" त्याची कीर्ती उलट वाढली. बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघायची सवय त्याने लावून घेतली, आणि फोन बायको उचलायची.

आता राग येतो सांगायला, पण खरं ते सांगायला हवं. त्या गाडीच्या चांगुलपणाने त्याचं बहिरेपण झाकलं. शंभरातल्या पंच्याण्णव गाड्यांना काही झालेलंच नसायचं. डोळे मिटून काही नाही म्हटलं तरी ते खरं ठरायचं. दुसऱ्या कुठल्या गाडीचा मिस्त्री असता तर सहा महिन्यांत उघडा पडला असता. हा चार वर्षं तरला, आणि त्या चार वर्षांत त्याला स्वतःलाही वाटायला लागलं की आपलं काही अडत नाही.

एका दुपारी टॅक्सीवाली आली. ती त्याच्या जिवलग मित्राची मुलगी. मित्र टॅक्सी चालवायचा. तो गेला तेव्हा ती गाडी, एकोणीस वर्षांची, अर्थातच जपानी, हिने चालवायला घेतली. स्टँडवर ती एकटीच बाई. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली, पण हिने कुणाला दाद दिली नाही. सकाळी रक्त शुद्ध करायच्या यंत्रावर जाणारे तीन रुग्ण इस्पितळात सोडायचे, दुपारी परत आणायचे, मधल्या वेळात मिळेल ते भाडं. घरात आई आणि ही, दोघीच, आणि घर त्या गाडीवर चालायचं.

"काका, पुढून आवाज येतोय," ती म्हणाली. "घुं घुं करतं. वेग वाढवला की वाढतो, आणि वळताना बदलतो."

"चल, फिरवून आण मला."

तो शेजारी बसला. तिने गाडी मोठ्या रस्त्यावर नेली, वेग वाढवला. "ऐकलंत? हा बघा!" तो समोर बघत बसला. एक पंजा त्याने डॅशबोर्डवर ठेवला. रस्ता खडबडीत, सगळी गाडीच थरथरत होती. त्यातून वेगळं काय निवडणार? चाकाचा आवाज चाक फिरताना येतो, तिथे दातात धरायला काही नसतं. कानात नेहमीसारखी रुई भरल्यागत शांतता होती. तिने पुन्हा विचारलं, "आता? आता तर स्पष्ट येतोय."

"टायर नवे घातलेस ना?"

"हो, मागच्या महिन्यात."

"मग तोच. नवे टायर घुमतात."

ते परत आले. बाकावर तिघे ड्रायव्हर चहा पीत होते. ती उतरली, पण किल्ली हातातच खेळवत राहिली. "काका, एकदा चाक उचलून बघू या का? हलवून बघू नुसतं." आणि मग हसून म्हणाली, "तुम्हीच सांगता ना, कामगाराने दोर ओढला की साहेबाने यायचं. मी दोर ओढतेय बघा."

जॅक चार हात अंतरावर पडला होता. दहा मिनिटांचं काम. पण चाक उचलणं म्हणजे कानाला कळलं नाही असं कबूल करणं, आणि तिघं बघत होते. तो मोठ्याने हसला. "अगं, तुझ्या बापाने सगळ्या जन्मात मला चाक उचलायला लावलं नाही! जपानी आहे ती, तिला काही होत नसतं. तूच घाबरट झालीयेस." तिघंही हसले. तीही हसली, थोडी शरमली, आणि गेली.

संध्याकाळी जेवताना त्याने बायकोला सांगितलं, पोरगी आली होती, उगाच घाबरली होती. बायकोने त्याच्यासमोर तोंड नीट आणून विचारलं, "तुम्हाला ऐकू आला का तो आवाज?"

"आवाजच नव्हता."

"मी काय विचारलं?"

तो ताटावरून उठला. त्या रात्री त्याला झोप लागली नाही, हे त्याने नंतर कबूल केलं. सकाळी तिला बोलावून चाक बघावं असं मनात आलं होतं. सकाळी एक गिऱ्हाईक आलं, मग दुसरं आलं, आणि दिवस गेला. मग आठवडा गेला. ती समोरच्या स्टँडवर रोज दिसायची, हात करायची. गाडी चालतेय म्हणजे ठीकच आहे, असं तो मनाशी म्हणायचा.

आवाज वाढत गेला. तिच्या गाडीतल्या रुग्णांनीही विचारलं. ती सांगायची, "टायर घुमताहेत. मिस्त्रीकाकांनी बघितलंय." तिचे कान तिशीतले, धडधाकट. तिने त्या कानांवर विश्वास न ठेवता ह्याच्या शब्दावर ठेवला. दुसरं कुणी सांगितलं असतं तर तिने चार ठिकाणी दाखवलं असतं.

बाविसाव्या दिवशी, रुग्णांना सोडून रिकामी गाडी घेऊन येताना, उड्डाणपुलाच्या उतारावर तिच्या बाजूचं पुढचं चाक आडवं झालं. गाडी कठड्यावर गेली. पत्रा आत आला आणि तिचा उजवा पाय त्यात सापडला. डॉक्टरांनी तो गुडघ्याच्या वर कापला.

हे सांगायला स्टँडवरचा एक ड्रायव्हर धावत आला. तो इतकं भरभर बोलत होता की ह्याला ओठ वाचता येईनात. तीन वेळा काय, काय म्हणून विचारल्यावर त्या माणसाने आपल्या मांडीवर हाताने कापल्याची खूण केली.

गाडी पोलिसांच्या आवारात टाकली होती. तो गेला. तुटलेल्या चाकाजवळ उकिडवा बसला. ज्यावर चाक फिरतं त्या बेअरिंगमधल्या गोळ्या झिजून चपट्या झाल्या होत्या, लोखंड जळून निळं पडलं होतं. त्याने त्यावरून बोट फिरवलं. हे एका दिवसात होत नाही. महिनाभर ते ओरडत असणार, लहान पोरालाही कळलं असतं. त्या दिवशी चाक उचलून नुसतं हलवलं असतं तर ढिलेपणा हाताला लागला असता. चांगल्यात चांगल्या गाडीचंही बेअरिंग कधीतरी झिजतंच, हे काय त्याला माहीत नव्हतं? त्याने ते बेअरिंग फडक्यात बांधून खिशात घातलं.

स्टँडवर निकाल लागला होता. गाडी जपानी, तपासली जपान्याने, मग चूक कुणाची? "उतारावर वेग आवरला नसेल." "बाईमाणूस, शेवटी घाबरलीच." त्याच्या दारातच बसून, त्याचाच चहा पीत म्हणत होते. ओठ त्याने बरोबर वाचले. चार दिवस तो गप्प राहिला. जगात निर्लज्जपणा बराच आहे, पण त्या चार दिवसांची बरोबरी करणारा मी तरी पाहिला नाही.

पाचव्या दिवशी बायको दाराशी उभी राहिली. तिने मोठ्याने आणि सावकाश विचारलं, "तुम्ही सांगताय, की मी जाऊन चव्हाट्यावर सांगू?"

तो आधी स्टँडवर गेला. बेअरिंग बाकावर ठेवलं. म्हणाला, "तिचं काही चुकलं नाही. तिने आवाज सांगितला होता. मला ऐकू येत नाही. चार वर्षं झाली." बाकावरचा एक जण उठून त्याच्यासमोर आला आणि म्हणाला, "मागच्या महिन्यात माझी गाडी बघितलीत. काही नाही म्हणालात." मग दुसऱ्यानेही आपल्या गाडीकडे पाहिलं. ह्याने बेअरिंग पुन्हा फडक्यात बांधून खिशात घातलं. तो इस्पितळाकडे निघाला.

तिच्या खाटेशी तिची आई बसली होती. मित्राची बायको, ह्याला चाळीस वर्षं ओळखणारी वहिनी. तिने उठून त्याला स्टूल दिलं. पोरीने मान वळवली. आवाज अगदी बारीक असावा, कारण वहिनीही वाकून ऐकत होती. त्याने तिच्या तोंडाजवळ चेहरा नेला आणि ओठ वाचले. "काका, माफ करा. माझ्यामुळे तुमचं नाव खराब झालं. मी ब्रेक उशिरा दाबला असणार. बाबांची गाडी मोडली मी."

"नाही गं, नाही," तो म्हणाला. खिशातलं फडकं काढून त्याने खाटेच्या कडेला उघडलं. "तुझा कान बरोबर होता. आवाज होता. मला तो ऐकूच आला नाही. मला कुणाचंच नीट ऐकू येत नाही. लाज वाटली म्हणून मी चाक उचललं नाही. तिघं बसले होते, त्यांच्यासमोर लाज वाटली." बोलताना त्याचा आवाज केवढा चढला होता हे त्याला कळलं नाही. पलीकडच्या खाटांवरचे लोक बघायला लागले.

ती त्या जळक्या लोखंडाकडे बघत राहिली. मग तिने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि बोलायला लागली. बराच वेळ बोलली. त्याला तिचे केस दिसत होते, आणि बोलताना हलणारा खांदा. ओठ दिसत नव्हते. वहिनीने ऐकता ऐकता पदर तोंडाला लावला. मग खांदा हलायचा थांबला.

"वहिनी," तो म्हणाला, "काय म्हणाली?"

वहिनीने पदर खाली घेतला. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, आणि त्याला एकेक शब्द दिसेल इतक्या सावकाश म्हणाली, "ती पुन्हा सांगणार नाही. आणि मीही नाही सांगणार."

भेटीची वेळ संपेपर्यंत तो तिथेच बसून होता.