न्यूटल नको

"घाट शे बापा, न्यूटल नको!" असं म्हणत आप्पा उजव्या पायाने हवेतच ब्रेक दाबायचे. कोणी जिना भरभर उतरलं, कोणी तावातावाने भांडायला निघालं, तरी हेच. तळोद्याहून डोंगरात बस नेण्यात त्यांचा जन्म गेला. डिझेल वाचवायला उतारावर गिअर काढून गाडी न्यूटलमध्ये मोकळी सोडणाऱ्यांवर त्यांचा फार राग. लोणखेड्यात त्यांचा ओटा आमच्या ओट्याला लागून. असे शेजारी तुम्हीही पाहिले असतील, रिटायर होऊनही गाडीतून न उतरलेले.

कमरेच्या ऑपरेशननंतर त्यांना अफूच्या कुळातल्या तेज गोळ्या सुरू झाल्या. जखम भरली, गोळ्या राहिल्या. एकदा गल्लीत कोणीतरी चिडवलं, "आप्पा, गोयीना नाद लागना का?" आप्पा तडक प्रकाशा गावी, तीर्थावर गेले, तापीत बुडी मारली आणि पाकीट नदीत सोडून आले.

मी तेव्हा जेमतेम अडुसष्टची, अक्कलदाढ यायची होती. कौतुकाने तुपातला शिरा नेला. दुसऱ्या दिवशी आप्पा घामाने निथळत होते. अंगावर काटा, सारख्या जांभया, पोट वाहतंय, हात थरथरतायत. मी शहाणीने निदान केलं: तूप जुनं असेल.

आप्पांची सून त्यांना शहाद्याला घेऊन गेली, मीही गाडीत घुसले. डॉक्टर म्हणाले, "काका, यात लाज कसली? शरीराला सवय झालीय. एकदम तोडायचं नाही. मी लहान लहान गोळ्या देत जाईन. त्रास वाढला तर सांगा, तिथेच थांबू. पण मनाने वाढवायची नाही. सवय मोडल्यावर जुना डोस घेतला तर झोपेतच श्वास थांबू शकतो."

आप्पांनी कपाळाला हात लावला. "म्हंजे मीच न्यूटलमा सोडी दिन्ही गाडी!"

गोळ्या दुसऱ्याकडे ठेवायच्या ठरल्या. सून दिवसभर शाळेत शिकवायला, म्हणून डबा माझ्याकडे आला. मी लगेच फौजदारीण झाले. डबा रोज नव्या जागी लपवायचा आणि मग आम्ही दोघांनी मिळून तो शोधायचा!

गोळी निम्म्यावर आली आणि एका दुपारी आप्पा चौकटीला धरून उभे राहिले. डोळे लाल.

"आज जास्ती दे. कंबर तुटी ऱ्हायनी."

"जास्ती नही मियाव."

"ए बाई, डबा दे!"

एरवी मला 'बहीण' म्हणणारा माणूस. त्यांनी आत पाऊल टाकलं. मला काही सुचेना, मी डब्यावरच बसले. वजन माझं, देवाच्या कृपेने, कोणाला हलवण्यासारखं नव्हतं. तसंच बसून सुनेला फोन लावला, तिने डॉक्टरांना. निरोप आला: आहे तेवढीच चालू ठेवा, सध्या कमी करू नका, उद्या दाखवायला या.

"आप्पा, गिअर तोच ठेवा," मी म्हटलं. "घाट शे."

ते उंबऱ्यावर बसले. काठी आडवी ठेवत पुटपुटले, "ब्रेक तपनात ना वो, बहीण."

शेतातल्या पपया उतरू लागल्या तेव्हा सगळ्यात लहान गोळी तेवढी उरली होती. एका सकाळी आप्पा गोळी घ्यायला आलेच नाहीत. ओटा रिकामा. हाक मारली, उत्तर नाही. कुठून जुन्या तेज गोळ्यांचं पाकीट मिळवून निजले तर नाहीत? मी दार ढकललं. खाट मोकळी. तशीच अनवाणी धावत सुटले.

फाट्यावर बस उभी होती. चालकाच्या खिडकीशी आप्पा, काठी हलवत, त्याला घाट समजावत.

"आप्पा! गोयी ऱ्हायनी ना तुमनी!"

ते वळले. माझ्या पायांकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं.

"कसानी गोयी?"